शरणभाव

आपले बळ अपुरे आहे हे मनोमन स्वीकारून ईश्वराच्या बळावर विसंबण्याची भक्तिमार्गातील भूमिका. बेळगाव सीमाभागातील मराठी भाषकांत दैन्य, लीनता, शरणागती हे शब्दही याच अर्थाने येतात. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यात वारकरी, दत्तसंप्रदायी, लिंगायत आणि ख्रिस्ती कुटुंबे शेजारी राहतात. त्यामुळे या कल्पनेचा विचार येथे केवळ मराठी संतवाङ्मयाच्या आधारे करता येत नाही. शरणभाव आणि नम्रता एक नव्हेत. नम्रता हा माणसांशी वागण्यातला गुण आहे. शरणभावात मात्र स्वतःची दुर्बलता हेच ईश्वरी शक्तीला वाव मिळण्याचे ठिकाण मानलेले असते.

शब्दविचार : संस्कृतात ‘शरण’ हे नपुंसकलिंगी नाम असून आश्रय, रक्षण, घर असे त्याचे अर्थ आहेत. पारंपरिक व्युत्पत्ती ‘शॄ’ (मोडणे, नाश करणे) या धातूपासून देतात, म्हणजे दुःखाचा नाश करणारे ते शरण. आधुनिक अभ्यासकांचा कल हा शब्द ‘शर्मन्’ (आसरा) या शब्दाशी जोडण्याकडे असून अर्थाच्या दृष्टीने तो अधिक सरळ वाटतो. मराठीने हा मूळ अर्थ राखला. मराठी माणूस कोणाला तरी ‘शरण जातो’, म्हणजे शरण हे जाण्याचे ठिकाण राहते. कानडीत मात्र आश्रय घेणारी व्यक्तीच ‘शरण’ झाली. लिंगायत तत्त्वज्ञानातील भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य या षट्स्थलांत (साधनेच्या सहा पायऱ्यांत) शरण ही पाचवी, ऐक्याच्या लगत आधीची पायरी आहे. तेथे साधक सती आणि लिंग (शिव) पती अशी भावना सांगितली आहे. शरण जाणे ही मराठीत प्रवासाची सुरुवात, तर शरण होणे ही कानडीत जवळजवळ शेवटची अवस्था. दोन्ही भाषा कानावर पडणाऱ्या सीमाभागातील भाविकाला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात मिळतात.

‘दासोह’ या शब्दाची गोष्टही अशीच आहे. लिंगायत मठांतून मिळणाऱ्या अन्नदानाला आज हा शब्द सर्रास वापरतात. त्याची प्रचलित फोड ‘दासः अहम्’ (मी दास आहे) अशी केली जाते. संधीने दासोऽहम् होते आणि कानडी उच्चारात अंत्य ‘म्’ गळतो. अद्वैतातील ‘सोऽहम्’ (तो मी आहे) या वाक्याला हे मुद्दाम दिलेले उत्तर आहे, असे लिंगायत परंपरेचे प्रवर्तक बसवण्णा यांच्या वचनपरंपरेतून (कानडी भक्तिपर गद्यकाव्यातून) दिसते. मी तोच आहे असे म्हणण्यापेक्षा मी त्याचा सेवक आहे असे म्हणावे, हा त्याचा आशय. अन्न वाढणाऱ्याने दाता म्हणून नव्हे तर दास म्हणून वाढावे, ही अपेक्षा त्या शब्दात आजही शिल्लक आहे.

उगमाचा प्रश्न : मराठी संतांचे दैन्य कानडी शरणांकडून, म्हणजे बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शिवभक्तांकडून, आले काय, याविषयी मतभेद आहेत. उसनवारीच्या बाजूने कालक्रम सांगितला जातो. बसवण्णा बाराव्या शतकातले (त्यांचा अंत सर्वसाधारणपणे 1167–68 च्या सुमारास मानतात), तर ज्ञानेश्वरीची रचना शके 1212 म्हणजे 1290 मधली. शिवाय ज्ञानदेवांच्या अभंगात विठ्ठलाला ‘कानडा’ म्हटले आहे. परंतु देवाचे कानडीपण सिद्ध झाले, म्हणून भक्तीच्या भावाचेही कानडीपण सिद्ध होत नाही. ज्ञानेश्वरीतील विवेचन गीतेच्या तेराव्या अध्यायातील ‘अमानित्व’ (मानाची इच्छा नसणे) या पदातून निघते. तेथे ज्ञानी पुरुष बृहस्पतीच्या तोडीचे ज्ञान असूनही महिमा वाढेल या भीतीने वेडेपणात दडतो. हे समर्थाने आपले सामर्थ्य झाकणे झाले. दुर्बळाने हाक मारणे नव्हे. दुर्बळाच्या या हाकेमागील भावाचे शास्त्रीय नाव ‘कार्पण्य’ (दीनपणा) असे असून श्रीवैष्णवांच्या (रामानुजांना मानणाऱ्या दाक्षिणात्य विष्णुभक्तांच्या) प्रपत्तीच्या, म्हणजे शरणागतीच्या, सहा अंगांत ते येते. अनुकूल वागण्याचा संकल्प, प्रतिकूलाचा त्याग, तो रक्षील हा विश्वास, रक्षक म्हणून त्याची निवड आणि आत्मसमर्पण ही उरलेली पाच. गीतेत अर्जुन स्वतःला ‘कार्पण्यदोषोपहत’ म्हणतो तेव्हा कार्पण्य हा दोष आहे. प्रपत्तिशास्त्रात तेच साधन ठरते. हा अर्थपालट या विषयातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानायला हवा. एकूण पाहता एकाने दुसऱ्याकडून घेतले असे म्हणण्यापेक्षा समांतर वाढ आणि मागाहून झालेली देवघेव हे मत अधिक ग्राह्य दिसते. जमखंडीत जन्मलेले तत्त्वज्ञ रा. द. रानडे (1886–1957) यांनी मराठी आणि कानडी संतांचा अभ्यास वंशावळीपेक्षा अनुभवाच्या साम्यावर भर देऊन केला. त्यांच्या विचाराने चालणारी तुलनात्मक तत्त्वज्ञानाची संस्था बेळगावातच आहे.

बळ आणि दुर्बलता : माणसाने किती धरून ठेवायचे आणि किती सोडायचे, यावर श्रीवैष्णवांत दोन पंथ पडले. वडकलै पंथाने मर्कटन्याय मानला : माकडाचे पिलू आईला स्वतः बिलगून राहते. तेंकलै पंथाने मार्जारन्याय मानला : मांजर पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करायचे नसते. भागवताच्या आठव्या स्कंधातील गजेंद्राची कथा या दोहोंच्या मधली आहे. नक्राशी (मगरीशी) हजार वर्षे झुंजून हत्तीचे बळ सरते, तेव्हा तो सोंडेत कमळ धरून हाक मारतो. तुकोबांनी लहानपण मागितले ते मुंगीला साखर मिळते आणि ऐरावताला अंकुश, या दाखल्याने; महापुरात झाडे जातात, लव्हाळी वाचतात, हा त्यांचाच दुसरा दाखला. मलप्रभेच्या आणि घटप्रभेच्या काठच्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

ख्रिस्ती परंपरेत याचे मूळ वचन करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. शरीरातला काटा निघावा म्हणून पत्राचा लेखक प्रेषित पौल याने तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, तर अशक्तपणातच देवाची शक्ती पूर्णतेस येते असे उत्तर मिळाले. बेळगावात लंडन मिशनचे काम 1820 पासून सुरू झाले आणि हे वचन येथे मराठीतूनही वाचले जाऊ लागले. गजेंद्राची सुटका होते, पौलाचा काटा तसाच राहतो. हा फरक मोठा आहे.

आक्षेप : ‘एनगिंत किरियरिल्ल’ (माझ्याहून लहान कोणी नाही) असे बसवण्णा म्हणतात, तेव्हा बोलणारा ब्राह्मण कुळात जन्मलेला आणि कल्याणचा राजा बिज्जळ याच्या दरबारातील अधिकारी असतो. चोखोबा स्वतःला हीन म्हणतात, तेव्हा ते हीनत्व समाजाने आधीच लादलेले असते. शब्द तेच, पण पहिल्याने काही सोडलेले आहे, दुसऱ्याकडून हिरावून घेतलेले आहे. देवापुढचे दैन्य माणसांपुढच्या लाचारीसाठी वापरले गेले, हा आधुनिक टीकाकारांचा आक्षेप म्हणूनच गंभीरपणे घ्यावा लागतो. शरणांच्या मंडळात कातडी कमावणाऱ्या समाजातील डोहर कक्कय्या मानाने वावरले, ही बाब त्या आक्षेपाला अंशतः उत्तर देते. कल्याणच्या (आजच्या बसवकल्याणच्या) संघर्षानंतर शरण उत्तर कन्नड जिल्ह्यातील उळवीकडे निघाले. त्या वाटेवर कक्कय्यांचा अंत खानापूर तालुक्यातील कक्केरी येथे आणि बसवपत्नी गंगांबिकेचा मलप्रभाकाठच्या एम. के. हुबळी येथे झाला, अशी परंपरा आहे.

आचार : वारकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात, त्यात वय, जात, शिक्षण पाहिले जात नाही. दत्तसंप्रदायी पंत महाराज बाळेकुंद्रीकर (1855–1905) यांची पदे बहुतांशी मराठीत असून बाळेकुंद्री येथे आश्विन वद्य तृतीयेच्या पुण्यतिथीला मराठी आणि कानडी भाविक ती एकत्र म्हणतात. लिंगायत घरांत भेटीच्या वेळी ‘शरणु शरणार्थी’ म्हणण्याची रीत आहे.