खर्व म्हणजे नक्की किती?

‘अब्जापुढे खर्व, निखर्व, महापद्म, शंकू अशी आपली मोजणी असून प्रत्येक नावाची किंमत प्राचीन काळापासून एकच आहे,’ असा संदेश फिरत असतो. नावं खरी आहेत. किंमत मात्र यादीगणिक बदलते.

पडताळणी सोपी आहे. १२व्या शतकातल्या ‘लीलावती’ या गणितग्रंथातली यादी घ्या आणि एकपासून दरवेळी एक शून्य वाढवत चला. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व... इथं खर्वावर १० शून्यं येतात, यादीतल्या शेवटच्या नावावर, म्हणजे परार्धावर, १७. हिंदीतल्या चालू मोजणीत अरबनंतर खरब थेट शंभरपटीनं येतो, म्हणजे ११ शून्यं. नाव जवळजवळ तेच, किंमत दहापट! शुक्ल यजुर्वेदातल्या यादीत तर परार्ध १२ शून्यांवरच येतो, ‘लीलावती’तल्यापेक्षा लाखपटीनं लहान.

हा काही आपल्याच नावांचा दोष नाही. ब्रिटनमध्येही १९७४पर्यंत सरकारी आकड्यांत बिलियन म्हणजे १२ शून्यं असत, नंतर ९ झाली.

म्हणून व्यवहारात कोटीपुढे ‘लाख कोटी’ म्हणतात. ते बोजड वाटतं खरं, पण ५ आणि ७ मिळून १२ शून्यं, यात गोंधळ नाही. प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर. तेच ‘साडेनऊ महापद्म’ म्हटलं, तर कुठल्या यादीतलं हेही सांगावं लागेल.