भरलेल्या विहिरीचा फोटो काय सांगत नाही

‘देणगीतून नाला खोल केला आणि विहीर काठोकाठ भरली’ असे आधी-नंतरचे दोन फोटो वर्षानुवर्षे फिरतात. फोटो खरेच असतात. पण पहिला मे महिन्यातला आणि दुसरा सप्टेंबरातला असेल, तर काम न झालेल्या गावातही हाच फरक दिसतो.

मोजायचे मार्चअखेर, सकाळी पंप सुरू होण्याआधी: दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर. कामाआधीच्या आणि नंतरच्या वर्षी, आणि शेजारच्या, तसाच खडक-पाऊस असलेल्या पण काम न झालेल्या गावातही. समजा, इथे पाणी ३ मीटर वर आले, तिथे २. मग कामाचे श्रेय साधारण १ मीटर. मात्र इथे ऊस किंवा बोअर वाढले असतील, तर चांगले कामही आकड्यात दिसत नाही. म्हणून पिकांची नोंदही ठेवा.