सिरोंचा ते कडप्पा: जेर्डनच्या धाविकाच्या नोंदींचा माग

गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, प्राणहिता गोदावरीला मिळते त्या मुलखात सिरोंचा आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले विल्यम ब्लॅनफर्ड १८६०च्या दशकाच्या अखेरीस या भागात हिंडत होते. खडक तपासता तपासता ते पक्ष्यांच्याही नोंदी ठेवत. सिरोंचा आणि गोदावरीच्या खालच्या अंगाला असलेलं भद्राचलम या दोन ठिकाणांची नावं त्यांच्यामुळेच जेर्डनचा धाविक या दुर्मिळ पक्ष्याच्या इतिहासात आली. या पक्ष्याचं आपल्या महाराष्ट्राशी जे नातं आहे, ते या एका नोंदीपुरतं. दीडशे वर्षं उलटून गेली, तरी तिच्या जोडीला दुसरी खात्रीची नोंद आलेली नाही.

टिटवी, चिखल्या, तुतारी हे पाणकाठचे पक्षी ज्या गणात मोडतात, त्याच गणातला हा पक्षी. राहतो मात्र कोरड्या, काटेरी झुडपांत. सासवड किंवा भिगवणच्या माळांवर भर उन्हात तुरुतुरु पळणारा साधा धाविक अनेकांनी पाहिलेला असेल. जेर्डनचा धाविक त्याचा नातलग खरा, पण दिवसा दबून बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो. लांबी वीतभराहून थोडी अधिक, डोळे मोठाले, गळ्यावर विटकरी डाग आणि छातीवर दोन तपकिरी पट्टे. ‘बायटॉर्क्वेटस’, म्हणजे दोन कंठ्यांचा, हे शास्त्रीय नाव त्या पट्ट्यांवरूनच पडलं.

थॉमस जेर्डन हे मद्रासकडच्या कंपनी सरकारचे शल्यचिकित्सक. आताच्या आंध्र प्रदेशातल्या नेल्लोर आणि कडप्पाच्या डोंगराळ भागात त्यांना हा पक्षी मिळाला आणि १८४८ मध्ये कलकत्त्याच्या एडवर्ड ब्लिथ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर ब्लॅनफर्ड यांच्या नोंदी आल्या. मग १९०० साली हॉवर्ड कॅम्पबेल यांनी अनंतपूरच्या बाजूला पाहिल्याची नोंद आली आणि पुढे सगळं शांत झालं. पुस्तकांतून ‘बहुधा नामशेष’ असा शेरा पडू लागला. विसाव्या शतकात शोधमोहिमा निघाल्या, पण हात हलवत परतल्या.

माझ्या मते या मधल्या शांततेचा अर्थ पक्षी नव्हता असा काढणं चुकीचं आहे. पेन्ना आणि गोदावरीच्या खोऱ्यांतलं झुडुपी रान म्हणजे गुरं चारायची, सरपण तोडायची जागा. मोठी जनावरं शोधणारे शिकारी तिकडे कशाला थांबतील? त्यातून हा पक्षी निशाचर, आणि तेही पक्कं कळलं ते तो पुन्हा सापडल्यावरच. नोंदींची ही यादी पक्ष्याबद्दल जेवढं सांगते, तेवढंच ती शोधणारे कुठे आणि कोणत्या वेळी फिरले हेही सांगते. त्याला पुरावाही आहे. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात एक अंडं पडून होतं. १९१७ साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या परिसरातून ते गोळा केलेलं होतं. २०१३ मध्ये डीएनए तपासणीत ते याच पक्ष्याचं असल्याचं सिद्ध झालं. म्हणजे १९०० ही ‘शेवटची नोंद’ शेवटची नव्हतीच आणि कोलारचं नाव तर कोणत्याच यादीत नव्हतं.

१९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुन्हा शोध हाती घेतला. भरत भूषण यांनी कडप्पा भागात गावोगावी चित्रं दाखवत विचारपूस केली. पारध करणाऱ्या माणसांना पक्षी ठाऊक होता, त्यांच्याकडे त्याला नावही होतं: ‘कलिवि कोडी’. कलिवि म्हणजे करवंदी, कोडी म्हणजे कोंबडी. करवंदीच्या जाळीतली कोंबडी! शास्त्राच्या लेखी ८६ वर्षं हरवलेला पक्षी तिथल्या बोलीत नांदत होता. जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्लीजवळ ऐतन्ना या पारध्याने रात्री उजेडाच्या झोतात एक पक्षी पकडला. तो बंदिवासात जगला नाही, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. पण ओळख पक्की झाली. सलीम अलींना त्यांच्या हयातीत ही बातमी कळली, हे मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्या निधनाच्या जेमतेम दीड वर्ष आधीची ही गोष्ट.

पुढे त्या भागात श्री लंकामल्लेश्वर अभयारण्य झालं. कृष्णेचं पाणी चेन्नईकडे नेणाऱ्या तेलुगू गंगा कालव्याशी मात्र या पक्ष्याची गाठ पुन्हा पुन्हा पडत राहिली. २००५ मध्ये त्याच्या अधिवासात कालव्याचं बेकायदा खोदकाम सुरू झाल्याचं उघडकीला आलं. ते थांबवावं लागलं आणि मार्ग बदलावा लागला.

२०००नंतरच्या संशोधनात पी. जेगनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरलेली रीत मला विशेष आवडते. झुडपांमधल्या वाटेवर बारीक मातीचा पट्टा अंथरायचा, संध्याकाळी तो सारखा करायचा आणि सकाळी वाकून ठसे पाहायचे. धाविकाला मागचं बोट नसतं, त्यामुळे मातीत तीनच बोटं उमटतात. टिटवीच्या पायाशी गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येक ठसा मोजायचा. जोडीला आपोआप टिपणारे कॅमेरे. पुढे आवाजही ओळखता आला: दोन सुरांची, पुन्हा पुन्हा येणारी हाक. सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने ती सुरू होते आणि थोड्याच वेळात थांबते. एवढ्याशा वेळात माणूस तिथे हजर हवा आणि गप्प हवा.

या शतकाच्या पहिल्या दशकानंतर नोंदी पुन्हा आटल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात पक्षिनिरीक्षकांच्या एका गटाला हा आवाज ध्वनिमुद्रित करता आला. अनेक वर्षांनी मिळालेली ही खूण कानांना मिळालेली आहे.

हरवलेला पक्षी पुन्हा सापडल्याचं उदाहरण महाराष्ट्रातही आहे: शहाद्याजवळ १९९७ मध्ये रानपिंगळा हे छोटं घुबड सापडलं, तेव्हा त्याची आधीची खरी नोंद ११३ वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर लोक मेळघाटात शोधू लागले आणि रानपिंगळा तिथेही मिळाला. सिरोंचाच्या बाजूचं उरलंसुरलं झुडुपी रान, विरळ करवंदी, दिवस मावळल्यानंतरचा तो पाऊण तास: ब्लॅनफर्ड यांच्याकडे नव्हता असा एक धागा आता आपल्याकडे आहे, त्या हाकेचं ध्वनिमुद्रण. ते घेऊन तिथे काही ऋतू सलग, रात्री, बसायला हवं. आणि त्याआधी गावातल्या जुन्या जाणत्यांना विचारायला हवं की करवंदीत राहणाऱ्या अशा पाखराला तुमच्याकडे काय म्हणतात.