मिसळ हॉटेलातली आणि मिसळ कॅमेऱ्यासमोरची

हॉटेलच्या किचनमधला शेफ फूड स्टायलिंगकडे, म्हणजे कॅमेऱ्यासाठी पदार्थ मांडण्याकडे वळला की घरचे म्हणतात, "म्हणजे ताट सजवायचं ना? ते तर तू आधीही करायचास." चिमटा तोच, ब्रश तोच, कोथिंबीरही तीच. तरी प्लेटिंग, म्हणजे गिऱ्हाइकासाठी ताट मांडणं, आणि स्टायलिंग ही कामं वेगळी.

मिसळच घ्या. हॉटेलात ऑर्डर आली की उसळ, फरसाण, कांदा, लिंबाची फोड, शेजारी कट. शेफने रस्सा आधी चाखलेला असतो. फरसाण जरा मऊ पडलं तरी चालतं, काहींना तर तेच आवडतं.

जाहिरातीच्या टेबलटॉप शूटमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पदार्थाच्या जवळून केलेल्या चित्रीकरणात, तास-दीड तास नुसतं लायटिंग चालतं, तोवर समोर डमी प्लेट. खरी, म्हणजे 'हीरो' प्लेट अगदी शेवटी लागते. तिच्यातली मटकी मुद्दाम कच्चट, कारण पूर्ण शिजली की फुटते. वाडग्याच्या तळाशी छोटी वाटी उपडी घातली की मटकी बुडत नाही. फरसाण टेकच्या तोंडावर चिमट्याने लावायचं, तर्री ड्रॉपरने सोडायची. लेन्सला न दिसणारी बाजू रिकामी राहिली तरी हरकत नाही.

शेफला सर्वांत जड जातं ते मीठ न घालणं. कोशिंबिरीत मीठ शेवटी का घालतात हे घरोघरी माहीत आहे: पाणी सुटतं. कॅमेऱ्यासमोर ते पाणी म्हणजे सुकलेली काकडी आणि प्लेटभर डबकं. चवीवर पोसलेल्या हाताला अळणी पदार्थ पुढे करणं सोपं नसतं.

टीव्हीवरच्या पाककृतीच्या कार्यक्रमात मात्र शेवटी कोणीतरी घास घेतं, तिथे मीठ हवंच. कांदा परतेपर्यंत कॅमेरा थांबत नाही, म्हणून चिरलेला, परतलेला आणि पूर्ण शिजलेला असे टप्पे आधीच तयार ठेवायचे. सर्व्हिसआधीच्या तयारीची, किचनच्या भाषेत 'मिझ'ची, सवय इथे कामी येते. शेफने सुरुवात इथूनच करावी असं मला वाटतं.

आता ती उपडी वाटी. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या जाहिरातीत सुपाच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, भाज्या वर दिसाव्यात म्हणून. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने 1970 मध्ये आदेश काढून ते बंद केलं. आपल्याकडे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धंद्यातला साधारण संकेत असा: जे विकायचं ते खरं हवं, बाकीचं नकली चालेल. चॉकलेट सॉसच्या जाहिरातीत खालचं आईस्क्रीम कुस्करलेल्या बटाट्याचं असू शकतं, आईस्क्रीमच्या जाहिरातीत नाही.

त्या हिशेबाने मसाल्याच्या जाहिरातीतली मिसळ उपड्या वाटीवर उभी राहिली तर मी कुरकुर करणार नाही. तयार मिसळीचं पाकीट विकताना मात्र ती वाटी म्हणजे त्या गोट्याच.