थांबला म्हणजे दोष असेल? तसं नाही

पानठेल्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत एक समज फिरतो: पंचविशीपर्यंत पोरानं शरीरसंबंध ठेवला नाही, तर ताकद जाते.

जात नाही. वयात आल्यापासून वृषणांत शुक्राणू सतत तयार होत असतात. एक तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. न वापरलेले शरीरच जिरवतं, काही स्वप्नदोषात जातात (त्यात दोष काहीच नाही, नावच चुकीचं). साठून सडत नाहीत, आटतही नाहीत. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात शुक्राणूनिर्मितीचा भाग आहे, उघडून बघा.

मग थांबतात कशाला? कोणी भरतीची तयारी करतो, कोणाला मनाजोगं माणूस भेटलं नाही, कोणाला लग्नाआधी नकोच. पोरींना नको असलेल्या गर्भाची धास्ती, वर गावातली कुजबुज. काहींना सध्या इच्छाच नसते. खरंच त्रास वाटला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारावं. बाजारातल्या तंबूवाल्या वैदूला नाही.