लांब नळी म्हणजे लांब मार?

शिकार आणि क्ले नेमबाजी (हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरची) दोन्हींना चालेल अशी एकच बारा बोअरची छर्‍यांची बंदूक घ्यायची म्हटली, की जुना सल्ला हमखास मिळतो: नळी लांब घ्या, मार लांब जातो. बंदुकीच्या काळ्या दारूच्या जमान्यात यात तथ्य होतं. ती दारू सावकाश जळायची. आजची धूरविरहित दारू नळीच्या पहिल्या २० इंचांतच जवळजवळ जळून संपते. २६ आणि ३० इंची नळीत छर्‍यांच्या वेगाचा फरक पडतो तो सेकंदाला फार तर तीस-चाळीस फुटांचा, आणि मूळ वेग असतो १,२०० फुटांच्या आसपास. पक्ष्याला तो कळणारही नाही!

छर्रे किती पसरतील, हे ठरवतो चोक, म्हणजे नळीचं तोंड किती आवळलंय ते. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल चोकमधून (खूप आवळलेल्या) साधारण ७० टक्के छर्रे बसतात, इम्प्रूव्हड सिलिंडरमधून (किंचित आवळलेल्या) ५० टक्के.

मग ट्रॅपवाले (ट्रॅप हा क्ले नेमबाजीचाच प्रकार) ३० इंची नळी का घेतात? पुढच्या वजनामुळे बंदूक फिरवताना ती मध्येच अडखळत नाही, म्हणून. दाट झाडीत मात्र तीच लांबी नडते. एकच बंदूक हवी असेल तर माझं मत २८ इंची, वर-खाली नळ्यांची, चोक बदलता येणारी. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार छंदाची शिकार आता बंदच आहे. म्हणजे इथे उरते क्ले नेमबाजीच, तेव्हा खुशाल ३० इंची घ्या.