आपल्या काठावरचा गोवा: तेरेखोलच्या किल्ल्याविषयी

(शिरोडा–रेडी–तेरेखोल फेरीला आमच्याबरोबर येणाऱ्या पाहुण्यांसाठी)

रेडी मागे टाकून गाडी डोंगराच्या अंगाने पुढे जाते आणि खाडी न ओलांडताच गोवा सुरू होतो. पाहुणे इथे हमखास विचारतात, गोवा तर पलीकडे ना? खरे आहे. तेरेखोल नदी मनोहरगडाकडच्या डोंगरांतून निघते, बांद्यावरून खाली येते आणि शेवटच्या टप्प्यात तीच दोन राज्यांची हद्द होते. आरोंदा महाराष्ट्रात, समोरचे किरणपाणी गोव्यात. फक्त मुखाशी, उत्तरेच्याच काठावर, तेरेखोल हे एक लहान गाव गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडते. ते तसे का, याचे उत्तर टेकडीच्या टोकावरच्या तटबंदीत आहे, आणि ते माहीत असले की किल्ला बघायला खरी मजा येते.

आधीच सांगतो, सिंधुदुर्ग किंवा विजयदुर्ग पाहून इथे आलात तर हा किल्ला फारच लहान वाटेल. जांभ्याचा तट, कोपऱ्यांवर बुरूज, आत एक चौक आणि चौकात चर्च, एवढाच पसारा. हे खाडीचे तोंड राखायला बांधलेले ठाणे आहे. त्याची जागा कशी निवडली ते नीट बघा. तटावर उभे राहिलात की खाली नदी समुद्राला मिळताना दिसते, समोर केरीचा किनारा आणि दक्षिणेला दूरवर हरमलची बाजू. बांदा हे आदिलशाहीच्या काळापासून मोठे बंदर होते. तिकडे जाणारे प्रत्येक गलबत याच टेकडीच्या पायथ्याशी वळायचे. इथे तोफा असल्या की वरचा सगळा व्यापार हातात.

ही गोष्ट ओळखली वाडीच्या, म्हणजे सावंतवाडीच्या, सावंत भोसल्यांनी. खेम सावंतांनी सतराव्या शतकात हा किल्ला बांधला. वाडीकरांचे स्वतःचे आरमार होते आणि त्याला आडोसा देणारी खाडी हवी होती. बारा तोफा आणि शिबंदीला राहायची जागा असा जुना सरंजाम सांगतात.

पुढे जे घडले ते समजायला थोडे मागे जावे लागते. १७३९मध्ये मराठ्यांनी वसई घेतली. त्याच सुमारास सावंतांनी बार्देशात मुसंडी मारली आणि गोव्याचे पोर्तुगीज पार खचले. सात वर्षांनी त्यांनी उट्टे काढले. नवा व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने १७४६च्या मे महिन्यात हळर्णचा (पोर्तुगीजांच्या तोंडी आलोर्ना) किल्ला घेतला. या विजयाबद्दल पुढे त्याला ‘आलोर्नाचा मार्केझ’ हा किताब मिळाला. वाडीच्या गादीवर तेव्हा रामचंद्र सावंत होते. पावसाळा सरल्यावर आल्मेदा आरमार घेऊन उत्तरेला आला आणि २३ नोव्हेंबर १७४६ रोजी तेरेखोल पडला. चौकातले चर्च त्यानंतरचे. आधी ते पवित्र त्रैक्याच्या नावाने होते, आता सेंट अँथनीचे म्हणून ओळखले जाते. १७६४मध्ये किल्ल्याची मोठी डागडुजी झाली. आज दिसणारी इमारत बरीचशी पोर्तुगीज वळणाची आहे ती त्यामुळे.

आमच्या मते या किल्ल्याच्या इतिहासातला सर्वांत विचार करण्याजोगा काळ म्हणजे १७४६ ते १७८८. आजूबाजूचा मुलूख कधी सावंतांकडे, कधी पोर्तुगीजांकडे असा फिरत राहिला. हे ठाणे मात्र पोर्तुगीजांनी सोडले नाही. १७६५मध्ये इंग्रजांनी रेडीचा किल्ला घेतला, नंतर परत केला. अखेर १७८८मध्ये, कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत हवी म्हणून सावंतांनी पेडणे पोर्तुगीजांना दिले आणि नदीच्या दक्षिणेचा काठ कायमचा त्यांचा झाला. उत्तरेकडचा हा तुकडा तर त्यांच्याकडे होताच. १८१९नंतर रेडीची किनारपट्टी इंग्रजांकडे गेली. म्हणजे रेडीत इंग्रज, तेरेखोलात पोर्तुगीज, आत वाडीत सावंत! रेडीच्या किल्ल्यावरून, म्हणजे यशवंतगडावरून, तेरेखोलला जाताना हे लक्षात ठेवा. पंधरा-वीस मिनिटांच्या रस्त्यावर तीन सत्ता एकमेकींना खेटून होत्या. ती सीमा राज्ये बदलली, देश स्वतंत्र झाला, तरी जागची हलली नाही.

१८३५मध्ये इथे रक्त सांडले ते पोर्तुगीजांच्या आपसातल्या भांडणात. नेवऱ्याचे डॉक्टर बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोव्याच्या मातीतले पहिले प्रमुख प्रशासक. काही दिवसांतच लष्कराने त्यांना हुसकावले. तेरेखोलची शिबंदी त्यांच्या बाजूने उभी राहिली आणि तिची कत्तल झाली.

आता गोवा मुक्तीच्या सत्याग्रहाची हकिगत. १५ ऑगस्ट १९५४ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकावला. त्यांना पकडून तुरुंगात टाकले. पुढच्या वर्षी, १९५५च्या १५ ऑगस्टला पुन्हा तुकड्या आल्या. त्या वेळी हिरवे गुरुजी आणि शेषनाथ वाडेकर यांनी इथे प्राण दिले. तटावर फोटो काढायला सगळेच थांबतात. आमची विनंती आहे की त्याआधी दोन मिनिटे या दोघांसाठी थांबा. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा तेरेखोलही सुटला.

मुक्तीनंतर इमारतीचे हॉटेल झाले. त्यामुळे आत कुठवर जाता येईल हे त्या दिवशी दारावरच कळते, आणि आतल्या माणसांनी सांगितले तेवढेच फिरायचे. चर्च एरवी बंद असते. उघडे मिळाले तर चपला, आवाज आणि कपडे यांचे भान ठेवा, गावची माणसे इथे प्रार्थनेला येतात. गाव लहान आहे, अंगणांतून वाट काढू नका.

आणखी एक गोष्ट. किल्ला गोव्यात, मुक्काम महाराष्ट्रात. परवान्याशिवाय दारूची बाटली गाडीत ठेवून परत यायचे नाही. तपासणी होते आणि मग सगळ्यांचीच खोटी होते.

ज्यांना केरीला जायचे आहे त्यांनी निघतानाच ड्रायव्हरला सांगावे. तेरेखोलहून फेरीबोट आहे, पण तिच्या वेळा भरती-ओहोटी आणि हवामानावर बदलतात. फेरी चुकली तर आरोंद्याला येऊन किरणपाणीच्या पुलावरून पलीकडे उतरवतो. वाट लांबची पडते, म्हणून दुपारचे जेवण रेडीतच आटपून घ्या.